पेडव्याचा सूर, सुरमईचा सूर

भाद्रपद जवळ आला की आमचा रेडिओ बोलायच्या आधी गुणगुणायला लागतो. हवेतला ओलावा त्याच्या पोटात जात असावा. बटण फिरवलं की आतला दिवा हळूहळू पिवळा होतो, मग एक जाड, संथ ‘हूं’ येते आणि त्यानंतर सवडीने बाजारभाव. परवा मी बटण फिरवलं, ‘हूं’ आली, आणि ओटीवर काथ्याची दोरी वळत बसलेल्या आपांनी मान न वळवता त्या सुरात गळा मिळवला. बाजारभाव सुरू झाले तसे ते रागावले.

“मधीच बोलता,” ते म्हणाले.

आपा म्हणजे माझे थोरले काका. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात, त्यांचा वाटा आहे, पण मालवणच्या आसपासच्या वाड्यांत ते ओळखले जातात ते भजनी बुवा म्हणून. माझे वडील नोकरीसाठी बेळगावात राहिले, त्यामुळे मी तिथल्या कॉन्व्हेंटात शिकले आणि दरवर्षी गणपतीला या घरी येत राहिले. मराठी मला येत होती, मालवणी कळत होती, आणि बोलायची वेळ आली की दोन्ही दारं एकदम बंद होत. वाडीतल्या बायका मला ‘मड्डम’ म्हणायच्या. मी हसायचे. हसण्याला भाषा लागत नाही, ही माझी त्या वयातली मोठी सोय होती.

ती ‘हूं’ आली की मला शाळेच्या शेवटच्या वर्षातला भाद्रपद आठवतो. त्याच उन्हाळ्यात वाडीत वीज आली होती. खांब अजून नवे होते आणि गुरं त्यांना अंग घासून बघत होती. त्या गणपतीला वसंतदादा तीन वर्षांनी घरी आला.

वसंतदादा आपांचा एकुलता झील, मुलगा. त्याने आपांच्या मागे पेटीवर बसायचं, पुढे बुवा व्हायचं, हे त्याच्या जन्माआधीच ठरलं होतं. तो मात्र एक दिवस उठून मुंबईला गेला आणि मोठ्या बोटीच्या भटारखान्यात लागला. तेव्हापासून आपांनी त्याचं नाव टाकलं. वीज आल्यावर त्याने कुणाच्या तरी हाती हा रेडिओ पाठवला, तो मात्र टाकला नाही. रोज संध्याकाळी ते रेडिओसमोर बसून बातम्यांशी भांडत. मुलाशी अबोला आणि मुलाच्या रेडिओशी भांडण, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे.

दादा आला तो एक ट्रंक आणि एक लांबट काळी पेटी घेऊन. काकीने, त्याच्या आईने, त्या पेटीभोवती एक फेरी मारली.

“कोणाक घालून हाडलंस ह्यात?” तिने विचारलं. “मेलो तरी बारीकच आसतलो.”

आत इलेक्ट्रिक गिटार होती. दाट तांबूस रंगाची, आणि पाटासारखी भरीव. आपा ओटीवरून बघत नसल्यासारखे बघत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

“त्याका इचार,” ते म्हणाले, “ह्येका पोट नाय, घसो नाय. ह्यां गातला कशान?”

दादा माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तरी मी वळून म्हटलं, “दादा, काका विचारतात, यातून आवाज कसा येतो?”

“त्येंका सांग, इजेन.”

मी परत वळले. “काका, विजेने येतो.”

अशी माझी नेमणूक झाली. खरं तर हे काम काकीचं. पण तिने पहिल्याच दिवशी हात झटकले. “माझी जीभ म्हणजे काय तारऑफीस नाय,” ती म्हणाली. “ह्या चेडवाक सांगा. दिला तितक्याच पोचवता. पदरचा काय घालणा नाय.”

तिचं निम्मं खरं होतं. मी पदरचं काही घालत नव्हते, पण वाटेत बरंच काही काढून टाकत होते. आपा म्हणायचे, “सांग त्या बोकडाक, बापाशीच्या घरात पाय पुसून येतत.” मी दादाला सांगायचे, “काका म्हणतात, पाय पुसून आलास तर बरं होईल.” दादा म्हणायचा, “त्येंका सांग, पायपुसणा घेवन तेच बसलेहत.” मी आपांना सांगायचे, “दादाला पायपुसणं सापडत नाही.” दोघेही एकमेकांचं मूळ वाक्य स्वच्छ ऐकत, मग माझं वाक्य ऐकत, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जराशी निराशा दिसे. कॉन्व्हेंटमधून निघालेलं कुठलंही भांडण इतकं अळणी होतं की त्याला कुणी उत्तर देऊ शकत नसे.

गणपती आणायच्या आदल्या दिवशी आपांनी माळ्यावरून त्यांची बाजाची पेटी खाली काढली. भाता दाबला तर सुराऐवजी चूं आली. एका उंदरिणीने भाता कुरतडून आत पिल्लं घातली होती. आपांनी झाडू मागितला. काकीने तो पाठीमागे लपवला.

“उद्या ज्येका पाटावर बसवतलास, त्याचा वाहन ता,” ती म्हणाली. “आज तरी तेका काय बोला नको.”

आपांनी पेटी तशीच भिंतीला सरकवली. चूं चूं चालूच होतं. दुरुस्त करणारा कारागीर जामसंड्याला, आणि त्याच्याकडे दसऱ्यापर्यंत रीघ. इकडे गौर जेवायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या ओटीवर डबलबारी ठरली होती. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने भजन गायचं, गाता गाता दुसऱ्याला चिमटा काढायचा, आणि दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उट्टं फेडायचं. समोर उभे राहणार होते पलीकडच्या वाडीचे सखाराम बुवा. उंदराची बातमी त्यांच्यापर्यंत वाऱ्याने गेली आणि तितक्याच वेगाने निरोप आला: आमची पेटी आसा मां, तीच वाजवा.

“दुसऱ्याच्या भात्यात आपलो वारो?” आपा म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दादाने मला खूण केली. “त्येंका सांग, वाद्य माझ्याकडे आसा.”

“त्याका सांग,” आपा म्हणाले, “बापाशीची पेटी उंदरान खाल्ल्यान. अक्कल नाय खाल्ल्यान.”

मी म्हटलं, “दादा, काका विचार करतायत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गणपती बसला, मंडळी जेवून आडवी झाली, आणि दादाने माजघरातल्या रेडिओची पाठ उघडी केली. मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोकं होती. आमच्याकडे ग्रामोफोन कधी आलाच नव्हता. दादाने गिटारची वायर तिथे खुपसली, मला बटणापाशी बसवलं आणि म्हणाला, “फिरव.” मी फिरवलं. आधी आली ती ही ‘हूं’.

ओटीवर आपा डोळे मिटून पडले होते. ‘हूं’ आली आणि त्यांच्या घशातून आपोआप सूर निघाला. तो पेटीवरची पांढरी पाच होता, किंवा केसभर वर. त्यांची पट्टी तीच. वीज खांबावरून आमच्या घरात आली ती आपांच्या पट्टीत गात आली, याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. झोपेत की जागेपणी कोण जाणे, त्यांनी एक अभंग उचलला. माजघरात दादाने तारा त्या सुराला मिळवल्या आणि ओळीमागे ओळ वाजवायला लागला. लहानपणी मांडीवर बसून ऐकलेलं असावं, कारण बोटं कुठेही अडली नाहीत. मधे एक भिंत होती. अंतऱ्यापाशी दोघांना एकाच वेळी शुद्ध आली आणि दोघेही थांबले.

“गो,” आपांनी मला हाक मारली. “त्याका सांग, आवाज वायट आसा.”

मी हा निरोप जसाच्या तसा दिला. बोकड नव्हता, अक्कल नव्हती, फक्त आवाज. दादाने तो ऐकला आणि गिटार पुसायला घेतली.

मग सुरू झाली आवाजाची शोधाशोध. तारांच्या खाली दोन पट्ट्या होत्या, एक गळ्याकडे, एक शेपटाकडे. दादा त्यांना पिकप म्हणायचा. आत लोहचुंबक, त्यावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार थरथरली की पिकप ती थरथर पकडतो आणि वायरीत सोडतो. कोणता पिकप ऐकायचा ते ठरवायला एक छोटी खिट्टी होती. एका टोकाला बारीक इंग्रजीत ‘ऱ्हिदम’ लिहिलेलं, दुसऱ्याला ‘ट्रेबल’. शिवाय प्रत्येक पिकपला दोन बटणं: एक आवाजाचं, एक आवाजाची धार कमी-जास्त करायचं. आपा या सगळ्याला सरसकट ‘कान’ म्हणत.

मी इंग्रजी शिकलेली, तेव्हा ‘ट्रेबल’ म्हणजे काय ते मला माहीत असणारच, अशी घरादाराची समजूत. मी शाळेचा शब्दकोश काढला. पहिलाच अर्थ होता ‘तिप्पट’. मी तो वाचून दाखवला. आवाज आता तिप्पट होणार म्हणून काकीने आधी देवासमोरची समई सावरली. दादाने खिट्टी टाकली. आला तो पत्र्यावर नख ओढल्यासारखा किरकिरीत, बारीक आवाज. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बेळगावला केलेला खर्च त्यांच्या नजरेत मला दिसला.

“ह्यो पेडवो,” काकी म्हणाली.

पेडवा हा बोटभर मासा. चवीला चांगला, पण काट्यांनी भरलेला. तिने इतक्या सहज म्हटलं की कुणाला आश्चर्य वाटलं नाही. दादाने खिट्टी गळ्याकडच्या पिकपवर टाकली. आवाज एकदम गोल झाला, भरला, काठ गेले.

“ही सुरमय,” काकी म्हणाली. “काटोच नाय.”

खिट्टी मधे ठेवली की दोन्ही पिकप एकत्र वाजत. थोडे काटे, भरपूर मांस. “बांगडो,” दादाच म्हणाला. धारेचं बटण पार मागे फिरवल्यावर सगळं मऊ आणि बोदं झालं, तेव्हा काकीने तोंड वाकडं केलं. “कालची कढी.”

हे सगळं समजून घ्यायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. श्रावण लागल्यापासून घरात मासा आला नव्हता. होड्या नारळी पौर्णिमेला पाण्यात गेल्या होत्या, खालच्या किनाऱ्यावर मासळी पडत होती, तिचा वास वाऱ्याबरोबर ओटीपर्यंत येत होता, आणि आम्ही वालीची भाजी खात होतो. आमच्याकडे गौर म्हणजे गणपतीची आवस, आई, आणि तिला माशाचं ताट असतं. ती जेवली की मग घर जेवतं. तोवर महिनाभर अख्ख्या घराची जीभ कुठेतरी अडकलेली होती, ती या गिटारीत शिरली. जाताजाता शेजारीणसुद्धा थांबून म्हणायची, “वसंता, जरा बांगडो ऐकव रे.”

आपांना हे सहन होईना. “त्येंका सांग,” यावेळी निरोप सगळ्या घराला होता, “गणपती बसलोहा. देवासमोर माशांची नावां घेव नको.”

मी निरोप पोचवला. काकीने तोंडाला पदर लावला.

पण ‘ऱ्हिदम’ आणि ‘ट्रेबल’पेक्षा पेडवा आणि सुरमई मला जास्त खरे वाटले. तार तीच, बोट तेच. फरक फक्त आपण कुठे कान लावतो याचा. शेपटाशी कान लावला तर काटे लागतात, गळ्याशी लावला तर नाही. आपांच्या बाबतीत मी निरोपाच्या कामामुळे अशा एका जागी बसले होते, जिथून दोन्ही ऐकू येत. “सांग त्या बोकडाक” म्हणताना त्यांची नजर बोकडाच्या ताटात भात पुरेसा आहे ना, तिकडे असायची.

तरी एक अडचण राहिलीच. पेटी सूर धरून ठेवते. गिटारीचा सूर वाजतो आणि विझतो. “पेटी हात धरता,” आपा म्हणाले, “ह्यां चापट मारून पळता.” सामना दुसऱ्या दिवशी होता. संध्याकाळी तो वैतागून वाजवत असताना माझं लक्ष खिडकीतल्या मांजराकडे गेलं आणि रेडिओचं आवाजाचं बटण मी उशिरा फिरवलं. त्याने तार छेडली तेव्हा रेडिओ गप्प होता. मग माझ्या हाताबरोबर सूर कुठून तरी उगवला, फुगला, भरला. तार छेडल्याचा खटका त्यात नव्हताच. अगदी भाता दाबल्यासारखा.

ओटीवरची दोरी वळायची थांबली.

“त्याका सांग,” आपा हळू म्हणाले, “परत.”

तेव्हापासून मी भाता झाले. दादाने छेडायचं, मी अर्धा क्षण थांबून बटण उघडायचं, सूर विझायच्या आत आणखी उघडायचं, मग मिटायचं. रेडिओ जड, वायर आखूड, म्हणून मी माजघरात आणि दादा ओटीवर. वायर गणपतीच्या डोक्यावरून नेली. तिथे माटवी, म्हणजे टांगती चौकट, बांधली होती, आंब्याच्या डहाळ्या, कवंडळाची फळं, सुपाऱ्यांचे घोस यांनी भरलेली, आणि त्यांच्यामधून ती काळी वायर. बघणाऱ्यांना ती सजावटच वाटली. शेजारणीने तिला हळदकुंकूही लावलं.

सामन्याच्या संध्याकाळी घरापुढचं खळं माणसांनी भरलं. मी दाराआड, भिंतीला पाठ लावून, हात बटणावर. मला कुणी बघणार नव्हतं आणि माझ्याशिवाय काही वाजणार नव्हतं. लाजऱ्या माणसाला यापेक्षा चांगली जागा जगात नसेल. वाडीचे मानकरी, म्हातारे गावकर, यांनी देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घातलं.

“बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात दोन बाऱ्यो उभ्यो आसत. ह्या खांबावरसून जी इज येता, ती आरती होयसर खंय जाव नये. थय जो कोण तिचा बटण धरून बसलो आसा, तेका डोळ्याक झोप लागा नये रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

वीज गेली नाही. गाऱ्हाण्यातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल मी सांगू शकत नाही, पण एवढं खरं आहे.

सखाराम बुवांची बारी पहिली. त्यांनी गाता गाता ‘ज्यांच्या घरात उंदीर गवई झाले’ त्यांचा उल्लेख केला आणि खळं हसलं. मग आपा उभे राहिले. मी बटण उघडलं, ‘हूं’ आली, दादाचा सूर तिच्यावर तरंगत आला, आणि लोक माना उंचावून पेटी शोधायला लागले. पहिला अभंग निभावला. दुसऱ्याला लय वाढली, दादा घाबरला, आणि त्याच्या मनगटाचा धक्का खिट्टीला लागला असावा. आवाज एकदम बारीक, टोचरा झाला आणि आपांच्या वरच्या सुरात घुसला. आपांचा गळा चिरकला. सखाराम बुवांनी मिशीवर हात फिरवला.

“गो,” मला हाक ऐकू आली. “त्याका सांग.”

मी हलले नाही. माझा हात बटणावर होता. हात काढला तर सूर मरणार होता. भाता उठून निरोप द्यायला जात नाही.

“त्याका सांग गो,” आपा पुन्हा म्हणाले. टाळ वाजत राहिले, मृदंग वाजत राहिला, तीच ओळ लोक पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मला दाराच्या फटीतून आपांची पाठ दिसत होती. ती एकदा माजघराकडे वळली, एकदा लोकांकडे. मग सावकाश डावीकडे वळली, जिथे त्यांचा मुलगा खाली मान घालून बसला होता.

“वश्या,” आपा म्हणाले. “पेडवो काढ. सुरमय घाल.”

“घालतंय, आपा,” दादा म्हणाला.

खिट्टीचा खट् असा आवाज रेडिओतून माझ्यापर्यंत आला. मग सुरमई आली, गोल, बिनकाट्याची, आणि तिच्यावरून आपांचा गळा वर चढला. तिथवर तो जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

सखाराम बुवांनी अर्थात ही संधी सोडली नाही. आपल्या बारीत त्यांनी चालीवर ओळी जुळवल्या:

“देवाचिये द्वारी, मासळी बाजारी, बुवा मागे सुरमई, देव लाजे भारी.”

खळं लोळायला लागलं. आपा शांतपणे उठले.

“सखाराम बुवानू,” ते म्हणाले, “तेची आवस आज घरात इलीहा. उद्या जेवतली. तिच्या ताटात काय वाढूचा, ता मी माझ्या झिलाक सांगी होतंय. देवाक लाज वाटणा नाय. तेका भूक लागलीहा.”

स्वयंपाकघरातून काकीचं हसू आलं, पदर न लावलेलं. माझाही हात हलला असणार, कारण रेडिओची ‘हूं’ एकदम खळंभर फुगली, आणि आपांनी तिथूनच गजर उचलला.

दुसऱ्या दिवशी गौर जेवली आणि मागोमाग आम्ही. पानं मांडली तेव्हा आपांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी सवयीने मान वर केली. दादाही निरोपाची वाट बघत थांबला. मग आपांनी नजर काढून घेतली.

“काटो बघून खा रे,” ते दादाला म्हणाले.

सुरमईच्या तुकडीला कसला काटा. पण तेवढ्याने माझं काम गेलं, आणि खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस मला हात रिकामे रिकामे वाटले. ते दोघे आता स्वतःच भांडत होते, पूर्ण काट्यांसकट, आणि त्यांचं छान चाललं होतं.

दादा त्या वर्षी दिवाळीआधी बोटीवर परत गेला, गिटार घेऊन. यंदा त्याची बोट दूर कुठेतरी आहे, चतुर्थीला येणं जमणार नाही. पेटी मात्र एकदाची दुरुस्त होऊन आली आहे. नवा भाता, नवं कातडं, आणि काकी तिच्याभोवती डांबराच्या गोळ्या ठेवते. आपा रोज ती वाजवतात आणि रोज बंद करून ठेवतात.

परवा बाजारभाव संपल्यावर त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. माझी नेमणूक पुन्हा झाली आहे, फक्त आता मधे भिंतीऐवजी समुद्र आहे. मी मराठी लिहिते चांगली. तोंडाने बंद होणारी दारं कागदावर उघडी राहतात.

“लिही,” आपा म्हणाले. “पेटी बरी झाली.”

मी लिहिलं.

“पण सगळो पेडवोच.”

मी लिहिलं. जसंच्या तसं, काटेही न काढता. त्यांनी दोरीचा पीळ चाचपला.

“लिही, तुझी आवस म्हणता, पुढच्या चवथीक सुट्टी काढ.”

मी लिहिलं आणि प्रथेप्रमाणे वाचून दाखवलं. काकी आत तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून आपांकडे बघितलं. आपांनी माझ्या हातातला कागद आपल्याकडे वळवला. त्यांना वाचता येत नाही, तरी ती ओळ त्यांनी बोटाने बरोबर शोधली.

“आवस खोड,” ते म्हणाले. “थय माझा नाव घाल.”